पऱ्यापलीकडचा कुकारा

रविवारी पोलादपूरकडनं गाड्या वर यायला लागल्या की मी चुलीवर दोन तवे ठेवते. एकावर नाचणीची भाकरी, एकावर तांदळाची. शहरातली माणसं नाचणीची मागतात आणि तांदळाची खातात.

उमरठच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी हाय. वाडीच्या वर वनखात्याचं रान, आणि त्या रानात फिरायला येणाऱ्यांसाठी खात्यानं आणि आमच्या वन समितीनं मिळून काढलेली वाट. वाटेच्या तोंडाला लाकडी कमान, कमानीला लागून माझी टपरी. पिठलं, भाकरी, कोकमचं सरबत आणि थापा. थापा फुकट.

थापा मी पहिल्यापासनं मारते. महाडला सावित्रीत मगरी हायत हे खरं. पण आमच्या म्हशीला एका मगरीनं मामी म्हणून हाक मारली आणि म्हस लाजून पाणी न पिताच परत आली, हे मी जोडलं. माझी बहीण मैना हिरकणीवाडीला जेवण करून विकते. तिची बकरी रोपवेनं गडावर जाते आणि येताना पायी उतरते, कारण उतरताना तिला गरगरतं, हे पण माझंच. पुण्याची एक बाई हे सगळं मोबाइलमध्ये टिपून घ्यायला लागली. मी बोलले, बकरीचं नावपण घे, चारुशीला. तर बाईचंच नाव चारुशीला निघालं. तिनं सरबत अर्धं टाकलं.

माझी नात अनुष्का तेवढी कधी फसली नाय. मी सुरुवात केली की हातातलं काम न सोडता बोलायची, "आजी, थाप." एवढंच. ती वनरक्षक हाय. भरतीला धावली, परीक्षा दिली, आणि नशिबानं आपल्याच रानात लागली. तिची आई ती लहान असतानाच गेली. बाप, माझा अश्वजित, बिरवाडीला खोली घेऊन कंपनीत काम करतो. पोर माझ्याकडंच वाढली. खाकी घालून ती घराबाहेर पडली की मी कमानीपर्यंत उगाच जायची, काहीतरी विसरल्यासारखं करून. ती वाटेला दिसेनाशी होईस्तोवर माझे पाय मागं फिरायचे नायत. मला तेवढीच हाय.

आता हे जे सांगते ती थाप नाय. आम्ही बुद्धाची माणसं. विहारात वंदनेला बसतो, भूतखेत मानत नाय. लोकांना घाबरवायलासुद्धा मी कधी भूत वापरलं नाय. मगर बरी.

वर रानात मोबाइलला रेंज नाय. म्हणून कुकारा. लाकडाला, गवताला जायचो तेव्हापासनंची रीत हाय ही. तोंडाला दोन्ही हात लावून लांबलचक कूऽऽ घालायची, आणि ज्याला ऐकू येईल त्यानं तशीच परत द्यायची. ओळखीचा असो, परका असो, बांधावरच्या भांडणातला असो. रानातला कुकारा बिनउत्तराचा ठेवायचा नाय. उत्तर नाय आलं तर माणूस गडबडतो आणि भलत्याच डोंगरधारेनं उतरतो. खात्यानं शिट्ट्या दिल्या होत्या, त्या पोरांनी वाजवून वाजवून हरवल्या. मग समितीत ठरलं, फिरायला गेलेली मंडळी संध्याकाळी खिंडीत आली की वाटाड्यानं वरनं कुकारा घालायचा आणि कमानीपाशी उभं राहून मी उत्तर द्यायचं. माझा आवाज वाडीत सगळ्यात मोठा. सासू बोलायची, ही हाक मारते आणि पलीकडच्या डोंगरावरची गुरं दावं तोडतात.

माझ्या आवाजाच्या रोखानं उतरलं की वाट चुकत नाय. उतरताना डाव्या हाताला पऱ्या लागतो, म्हंजे ओढा. पऱ्याच्या पलीकडं कारवीची गच्च झुडपं, आणि कारवी संपते तिथं कडा. तिकडं कोणाचं काय काम नाय.

सोमवारी वाट बंद असते. रानाला आराम म्हणून. माघातला असाच एक सोमवार, ऊन कलतं झालेलं, मी टपरीच्या मागं भांडी घासत बसलेली. वर कुकारा झाला. मी मागं वळूनसुद्धा बघितलं नाय. राखेचे हात तसेच तोंडाला लावले आणि उत्तर दिलं. देऊन झाल्यावर आठवलं, आज तर बंद हाय.

अनुष्का घरातनं बूट घालतच आली. "कोण हाय गो वर?"

"मला काय माहीत. कुकारा आला, मी दिला."

"लाकूडतोडे असतील."

"चोर कधी कडी वाजवून येतो काय?"

ती हसली, पण गेली. सोमाला बरोबर घेतलं. सोमा आमच्या वाडीतला, वाटाड्या. दोघं दिवेलागणीला परत आली. वर कोणी नव्हतं. चूल नाय, कुऱ्हाडीचा घाव नाय, पावलं नायत.

"काकी, कान तपास," सोमा बोलला. "महाडला शिबिर लागलंय फुकटचं."

"माझ्या कानांना काय धाड भरलीय. तुझी बायको घरात तुला काय काय बोलते ते मला इथं बसून पाठ झालंय."

तो हसत घरी गेला. पण तो कुकारा मला आठवत होता. बाईचा नव्हता, बाप्याचा नव्हता. सपाट होता. आणि घालणारा मधे दम घ्यायला थांबला नव्हता.

पुढं परत झाला. त्या वेळी बाईचा होता. त्याच्या पुढच्या खेपेला ती बाई म्हातारी होती. मी दर वेळी उत्तर दिलं. न देणं माझ्या तोंडाला जमलंच नाय. जन्मभर जे केलं ते तोंड आपोआप करतं.

महाडचे श्रीधर सर दर रविवारी यायचे. शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेले, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात दुर्बीण. एका रविवारी उतरून टपरीवर आले आणि बाकावर बसायच्या आधीच बोलले, "आजी, तुम्ही पऱ्याच्या पलीकडे काय करत होता?"

"मी इथंच हाय सकाळपासनं. पीठ बघा हातावर."

"तुमचा आवाज तिकडून आला. म्हणजे दोन्हीकडून आला. आमच्यातले दोघं तिकडे वळलेसुद्धा होते, अनुष्कानं मागून येऊन त्यांना अडवलं."

"सर, थापा मारणं हा माझा धंदा. तुम्ही त्यात पडू नका."

ते हसले. मग शाळेत समजावतात तसं समजावलं, "प्रतिध्वनी असतो तो. समोर कडा आहे ना, आवाज त्याच्यावर आपटतो आणि परत येतो."

मी त्यांच्या हातात चहा दिला. "आपटून येतो तो नंतर येतो ना, सर?"

"अर्थात. आधी आवाज, मग प्रतिध्वनी."

"हा आधी येतो."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हसत नव्हते. ते कप घेऊन उठले, मी पदराला हात पुसले, आणि आम्ही दोघं कमानीखाली जाऊन उभं राहिलो. ऊन धारेच्या मागं गेलं होतं. पळस पेटल्यासारखे फुललेले, पण त्यांचा रंग उतरायला लागला होता. वरनं सगळी मंडळी केव्हाच उतरलेली. रानात कोणी नव्हतं.

मी तोंडाला हात लावले आणि श्वास आत घेतला. एवढंच केलं.

पऱ्याच्या पलीकडनं माझा कुकारा आला.

माझाच. शेवटाला माझा आवाज जरा फाटतो, तोपण तिथंच फाटला. मी श्वास तसाच सोडला, हात खाली घेतले. सरांच्या चहावर साय धरली. त्यांनी कप कमानीच्या खांबाशी ठेवला, "येतो आजी," बोलले आणि गाडीत जाऊन बसले. ते नंतर आले नायत.

मी अनुष्काला सांगितलं. ती काठीला तेल लावत होती. सवयीनं बोलली, "आजी, थाप," आणि मग थांबली.

"मीपण ऐकलंय," ती बोलली. "पयल्या दिवसापासनं."

"मग साहेबाला सांग की."

"काय सांगू? वर आजीचा आवाज येतो, वाट बंद करा? समितीला वाट मिळवायला किती वर्षं चपला झिजवाव्या लागल्या ते तुला ठाऊक हाय. बंद पडली तर सोमा उद्या मुंबईला जाईल वॉचमन व्हायला." काठी तिनं भिंतीला उभी केली. "तू घालत जा. सोमा पुढं असतो, मी सगळ्यांच्या मागं असते. कोणी तिकडं वळला तर मी हाय ना."

"आणि तू वळलीस तर?"

"मला तुझा आवाज कळत नाय काय गो?"

शिमगा तोंडावर आला होता. त्या रविवारी बिरवाडीच्या कंपन्यांतली माणसं बायकापोरं घेऊन आली होती, टेंपो करून. सोमा पुढं, अनुष्का मागं, अशी सगळी वर गेली. दुपार उतरताना पलीकडच्या डोंगराला वणवा लागला. आमच्या बाजूला आग यायची भीती नव्हती, समितीनं गवत आधीच जाळून मोकळी पट्टी काढून ठेवली होती. पण वारा फिरला आणि धूर सगळा आमच्या खोऱ्यात उतरला.

बघता बघता सूर्याचा तांब्याचा गोळा झाला. मग तोपण गेला. टपरीतनं कमान दिसेना. कारवी जळल्याचा वास, डोळ्यांतनं पाणी, आणि धुरात वाट सोडून पळालेलं एक भेकर माझ्या चुलीपासनं हाताच्या अंतरावरनं गेलं. मी पाण्यानं पदर भिजवून नाकाला बांधला आणि चाचपडत कमानीपाशी गेले.

वरनं सोमाचा कुकारा आला. खिंडीत पोचले होते.

मी हात उचलले. माझ्या आधी पऱ्यापलीकडनं उत्तर गेलं.

मी लगेच घातला. त्यानंही घातला. एकाच आवाजात दोन कुकारे, एक कमानीकडं बोलावणारा, एक कड्याकडं. वर गलका झाला. एक पोर रडायला लागलं. सोमानं परत विचारलं, आणि त्याच्या कुकाऱ्यात मला भीती ऐकू आली. तो धुरात उभा होता आणि त्याला दोन म्हाताऱ्या बोलावत होत्या.

मी विचार केला. कुकारा काय, कोणीपण घालंल. बोललं पाहिजे. माझ्याशिवाय कोणी बोलणार नाय असं काहीतरी. आणि माझ्याकडं दुसरं हाय काय? मी नवी थाप काढली. कोणाला न सांगितलेली, तिथंच उभ्या उभ्या बनवलेली.

"सोमा, मी नीला बोलते रे. इकडं ये, इकडं. माझ्या कोंबडीनं अंडं घातलं, आणि त्या अंड्यातनं—"

"—एस्टीचा कंडक्टर निघाला, तिकीट मागत," पऱ्याच्या पलीकडनं माझा आवाज बोलला. आणि हसला. मी हसते तसाच, नाकातनं.

कंडक्टर माझ्या डोक्यात होता. तोंडात आला नव्हता.

मी तोंड मिटलं. ओला पदर दातांत धरला, चुकूनपण आवाज निघू नये म्हणून. मागं टपरीत तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता, भाताच्या दिवसांत डुकरं हाकलायला वाजवतो तसला. तो आणला आणि पळीनं बडवायला लागले.

डब्यात माझं काय नव्हतं. डबा डब्यासारखा वाजला.

पलीकडचा कुकारा एकदम थांबला, आणि डब्याच्या आवाजापुढं मला दुसरं काय ऐकू येईना.

मी बडवत राहिले. मग धुरातनं एक माणूस आला, खांद्यावर पोर. मग बायका, एकमेकींच्या पदराला धरून. तोंडं काळी, डोळे लाल. सोमा सगळ्यांना मोजल्यासारखा हात लावत आला.

"अनुष्का?" मी विचारलं.

"मागनं येते ना," सोमा बोलला. आणि मागं बघितलं.

मागं धूर होता.

"काकी," त्यानं माझ्याकडं बघायचं टाळलं. "डबा वाजायला लागला तशी ती तिकडची रडायला लागली. तुझ्यासारखी. पाय मोडला गो, अनुष्का, बोलली. मी सांगितलं, ती काकी नाय, काकी खाली डबा वाजवते. तर तुझी नात बोलते, डबा कोणीपण वाजवंल. तुम्ही उतरा, मी बघून येते."

मी डबा वाजवला. दुसरं काय करणार होते? तोंड उघडलं तर तिकडनंपण उघडणार. डब्याला पोचे पडले. पळीचा दांडा वाकला. सोमा पंचा तोंडाला बांधून परत निघाला.

तो कमान ओलांडणार तेवढ्यात ती आली.

पऱ्याच्या बाजूनं आली. घाईत नव्हती. काठी हातात नव्हती.

"आले," ती बोलली.

मी तिचा दंड धरला. भरलेला, गरम, माझ्या नातीचाच दंड. "कोण होतं तिकडं?"

"कोणी नाय," ती बोलली. "चल घरी."

दुसऱ्या दिवशी सगळी वाडी खोकत होती. सोमाच्या डोक्याला इतका धुराचा वास होता की बायकोनं त्याला पडवीत बसवून जेवायला वाढलं. माझ्या पदराचा वास तर तीन धुण्यांत गेला नाय. दुपारी मी अनुष्काला पुढ्यात बसवून तिच्या केसांना तेल लावलं. केस मोकळे केले आणि नाक जवळ नेलं. वास नव्हता. धुराचा नाय, घामाचा नाय. खाकीवर काजळी नव्हती. तिकडं पऱ्याच्या अंगाला करवंदीच्या जाळ्या हायत, माणूस ओरबाडल्याशिवाय निघत नाय. तिच्या हातावर एक ओरखडा नव्हता. मी वेणी घातली. विचारलं काय नाय. पोर परत आली होती, आणि मला तेवढंच हवं होतं.

त्यानंतर पलीकडनं कुकारा झाला नाय. वाट चालू राहिली. माणसं आली, खाऊन पिऊन गेली, मी कमानीतनं उत्तर दिलं आणि ते एकट्यानंच रानात गेलं. अश्वजित सुट्टीला आला, तो बोलला, "आये, पोर शांत झाली गो." साहेबांनी तिचं काम चांगलं म्हणून सांगितलं.

एक बदल झाला तो फक्त मला ठाऊक. मी टपरीवर मगरीची गोष्ट सांगत होते, म्हशीला मामी म्हणाली ती. अनुष्का मागं उभी राहून ऐकत होती. मी वाट बघितली, ती आता बोलंल म्हणून. ती बोलली नाय. शेवटपर्यंत ऐकलं. माणसं गेल्यावर जवळ आली आणि हळूच विचारलं, "मग म्हशीनं उत्तर दिलं काय?"

पावसाळ्यात वाट बंदच असते. पऱ्या दुथडी भरतो, वर जळवा लागतात, कमानीला साखळी. श्रावणातली एक संध्याकाळ. पाऊस एकसारखा, कौलांवरनं दोऱ्यांसारखा लागलेला. आम्ही दोघी चुलीपाशी बसून भिजवलेले वाल सोलत होतो. ती माझ्यापेक्षा पटापट सोलायची. चिमूटभर ढीग माझा, तिचा ओंजळभर.

पऱ्याच्या पलीकडनं कुकारा आला.

माझा नव्हता. दमलेला होता. मधे मधे दम घ्यायला थांबत होता. कुकारा संपला आणि पावसातनं शब्द आले, लांबनं, पण मला सगळे कळले. जिला मी बोलायला शिकवलं तिचे शब्द मला नाय कळणार?

"आजी... धूर हाय गो... वाट दिसत नाय..."

बाहेर पाऊस पडत होता. माझे ओले हात आपोआप तोंडाकडं गेले.

अनुष्कानं माझं मनगट धरलं. जोरात नाय. मायेनं धरतात तसं, आणि खाली घेऊन परत वालांवर ठेवलं.

"राहू दे," ती बोलली. तिनं दुसऱ्या हातानं एक वाल सोलला. "थकंल आणि गप होईल."